वडिलांचे बद्धकोष्ठ: चूर्ण, इसबगोल की जुलाबाची गोळी?

औसेकर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. आम्ही औसा तालुक्यातील एका खेड्यात राहतो. वडिलांचे वय ७२ असून घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. रक्तदाबासाठी त्यांना ॲम्लोडिपिन आणि सोबत लघवीवाटे पाणी काढणारी एक गोळी आहे. उन्हाळ्यात तपासणीत रक्त कमी निघाले म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. गुडघ्यांसाठी ट्रॅमाडॉल असलेली वेदनाशामक गोळी ते दुखेल तशी, म्हणजे जवळजवळ रोजच, घेतात.

बद्धकोष्ठाची तक्रार जुनी आहे, परंतु गेल्या काही महिन्यांत ती फार वाढली आहे. आठवडी बाजारातून आणलेले पोट साफ होण्याचे चूर्ण ते कित्येक वर्षे रात्री कोमट पाण्यातून घेत आले आहेत. पूर्वी अर्धा चमचा पुरत असे, आता दोन चमच्यांनीही भागत नाही. दोन दिवस परसाकडे झाली नाही की ते चूर्णाच्या जोडीला मेडिकलमधून आणलेली जुलाबाची गोळीही घेतात. मग पहाटेपासून ढाळ सुरू होतात, दुपारपर्यंत अंगातले त्राण जाते आणि पुढचे दोन-तीन दिवस पुन्हा काहीच होत नाही. झाले नाही म्हणून पुन्हा गोळी. समजावून सांगितले तर "पोट साफ नसेल तर माणूस आजारी पडतो" एवढे एकच उत्तर मिळते.

चूर्ण वनस्पतींचे आहे म्हणून ते रोज घेणे निर्धोक मानावे काय? त्याऐवजी इसबगोल सुरू करावे असे शेजारी सांगतात, ते कसे आणि किती द्यावे? आणि घरच्या घरी हे किती दिवस करून पाहावे, डॉक्टरांकडे कधी न्यावे, हेही कोणी जाणकाराने सांगितल्यास उपकार होतील.

निवृत्त औषधनिर्माता, परभणी

औसेकर, आपण लिहिलेल्या हकिगतीतच अर्धे उत्तर आले आहे. जुलाबाच्या जोरदार मात्रेने मोठे आतडे जवळजवळ सगळे रिकामे होते, आणि ते पुन्हा कळ येण्याइतके भरायला दोन-तीन दिवस लागतात. जेवण कमी असेल तर त्याहूनही अधिक. त्या दिवसांत शौचास न होणे अगदी स्वाभाविक असते. पण माणूस त्यालाच बद्धकोष्ठ समजून दुसरी मात्रा घेतो, ती भरत आलेले आतडे पुन्हा रिकामे करते, आणि हे रहाटगाडगे वर्षानुवर्षे फिरत राहते. दुकानात बसून मी असे अनेक लोक पाहिले, आणि त्यांतल्या बहुतेकांची मूळ तक्रार किरकोळ होती.

रोज सकाळी झालेच पाहिजे असा शरीराचा नियम नाही, हे अण्णांना एकदा शांतपणे सांगावे. दिवसातून तीन वेळांपासून आठवड्यातून तीन वेळांपर्यंत शौचास होणे सामान्य मानले जाते. मात्र मळ मऊ असावा, कुंथावे लागू नये आणि उठल्यावर अर्धवट राहिल्यासारखे वाटू नये. खडा होत असेल, रक्त येईपर्यंत जोर करावा लागत असेल, तर रोज होऊनही ते बद्धकोष्ठच आहे.

रेचकांच्या बाबतीत सर्वांत जास्त घोटाळा होतो तो वेळेचा, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. इसबगोलाचा परिणाम दिसायला १२ तासांपासून तीन दिवसांपर्यंत लागू शकतात. लॅक्टुलोजच्या सरबताला एक ते दोन दिवस आणि पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या पावडरीला एक ते तीन दिवस लागतात. बिसाकोडिल ही जुलाबाची गोळी आणि सोनामुखी ही रेचक वनस्पती या दोन्हींना ६ ते १२ तास पुरतात, आणि मिल्क ऑफ मॅग्नेशिया अर्ध्या तासापासून सहा तासांत काम करते. आता कल्पना करा की कोणी सोमवारी रात्री इसबगोल घेतले, मंगळवारी दुपारपर्यंत काही झाले नाही म्हणून लॅक्टुलोज घेतले, आणि रात्री कंटाळून बिसाकोडिलही घेतले. बुधवारी पहाटेपासून दिवसभरात या तिन्हींचा परिणाम एकत्र होतो आणि दोष मात्र शेवटच्या गोळीला दिला जातो. एक औषध निवडावे, त्याला त्याची पूर्ण वेळ द्यावी आणि त्याआधी दुसरे काही घेऊ नये, एवढे पाळले तरी निम्मे अपघात टळतात.

इसबगोलाची भुशी हे तसे सौम्य औषध आहे. ते पाणी शोषून फुगते आणि मळाला आकारमान व ओलावा देते. प्रौढ माणसाने एक लहान चमच्यापासून सुरुवात करावी, ती मोठ्या पेल्यात, म्हणजे २०० ते २५० मिलिलिटर पाण्यात, घालून लगेच प्यावी आणि वर आणखी थोडे पाणी प्यावे. मात्रा काही दिवसांच्या अंतराने हळूहळू वाढवावी, नाहीतर पोट फुगते. कोरडी भुशी तोंडात टाकून वर घोटभर पाणी पिण्याची जी सवय आपल्याकडे दिसते ती धोक्याची आहे, कारण भुशी घशात किंवा अन्ननलिकेतच फुगून अडकू शकते. वृद्धांच्या बाबतीत आणि ज्यांना गिळायला त्रास होतो त्यांच्या बाबतीत ही भीती खरी आहे. त्याच कारणाने ती अंथरुणावर पडण्याच्या तोंडावर घेऊ नये; संध्याकाळच्या जेवणानंतर, निजायला अवधी असताना घेणे बरे. रक्तदाबाच्या व इतर गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचे अंतर ठेवावे, कारण त्या गोळ्यांचे शोषण कमी होऊ शकते. संत्र्याच्या चवीची जी तयार पाकिटे मिळतात त्यांत पुष्कळदा साखर असते. घरात कोणाला मधुमेह असल्यास वेष्टन वाचून घ्यावे.

बिसाकोडिलच्या गोळीवर एक खास आवरण असते, ज्यामुळे ती जठरात न विरघळता आतड्यात विरघळते. म्हणून ती चावू नये, कुटू नये, आणि दूध किंवा आम्लपित्ताचे औषध यांच्या आगेमागे एक तासाच्या आत घेऊ नये. आपल्याकडे "जुलाबाची गोळी गरम दुधाबरोबर" असा जो प्रघात आहे, त्याने आवरण आधीच विरघळते आणि पोटात मुरडा व मळमळ होते. गोळीची सामान्य मात्रा रात्री ५ ते १० मिलिग्रॅम असते. अधूनमधून घेण्यास ती वाईट नाही. तिने आतड्याच्या नसा कायमच्या मरतात अशी जी भीती घातली जाते, तिला नेहमीच्या मात्रेपुरता फारसा आधार नाही. परंतु आठवड्यापेक्षा जास्त काळ स्वतःच्या मनाने ती घेत राहू नये.

मिल्क ऑफ मॅग्नेशिया आणि लिक्विड पॅराफिन यांचे पातळ मिश्रण बाजारात फार खपते. मूत्रपिंडाचे काम मंदावलेल्या माणसात मॅग्नेशियम साठून राहते, आणि अंथरुणाला खिळलेल्या किंवा ठसका लागणाऱ्या वृद्धाच्या फुफ्फुसात पॅराफिन उतरले तर न्यूमोनिया होतो. तेव्हा "सगळेच घेतात" या आधारावर ते अण्णांना देऊ नये.

आणखी एक, जे दुकानदारही सांगत नाहीत. पॉलिएथिलीन ग्लायकॉल लहान पुडीतही मिळते आणि मोठ्या पाकिटातही. लहान मात्रा, साधारण १७ ग्रॅम, पेलाभर पाण्यात घालून रोज घ्यायची असते; मोठे पाकीट दुर्बिणीच्या तपासणीपूर्वी आतडे पूर्ण धुऊन काढण्यासाठी असते आणि ते दोन लिटर पाण्यात करायचे असते. नाव जवळपास सारखे असल्यामुळे चुकीचे पाकीट घरी येऊ शकते.

नांदेडचा वैद्य

वरील माहिती नेमकी आहे. चूर्णाविषयीचा प्रश्न माझ्या विषयाचा असल्याने तेवढ्यापुरते लिहितो.

बाजारातील पोट साफ होण्याच्या बहुतेक चूर्णांचा कणा सोनामुखी हाच असतो. पंचसकार चूर्ण घ्या: सोनामुखी, सुंठ, बडीशेप, हिरडा आणि सैंधव. यातील काम करणारे द्रव्य मुख्यतः सोनामुखी आहे, आणि तिच्यातील रेचक घटक आधुनिक वैद्यकाच्या गोळ्यांतही तेच असतात. म्हणजे अण्णा रात्री चूर्ण घेऊन वर जुलाबाची गोळी घेतात तेव्हा ते आतड्याला चाळवणारी दोन औषधे एकाच वेळी घेत आहेत. वनस्पती असल्याने ती सौम्य असते हा समज आयुर्वेदालाही मान्य नाही. ज्या वनस्पतीने गुण येतो तिनेच अतिरेकी मात्रेत अपाय होतो. उच्च रक्तदाबाच्या रुग्णाने सैंधवाकडेही लक्ष द्यावे, कारण सैंधव हे मीठच आहे आणि दोन-दोन चमचे चूर्णातून रोज किती मीठ पोटात जाते याचा हिशेब कोणी ठेवत नाही. सुट्या पुडीवर तर घटकद्रव्यांची यादीही नसते, त्यामुळे आत काय आणि किती आहे हे घेणाऱ्याला कळण्याचा मार्ग नसतो. निदान परवानाधारक उत्पादकाचे, घटक छापलेले चूर्ण तरी घ्यावे.

आमच्या शास्त्रात मृदू, मध्यम आणि क्रूर असे कोष्ठाचे, म्हणजे आतड्याच्या स्वभावाचे, प्रकार सांगितले आहेत, आणि मात्रा कोष्ठ, वय, बल व ऋतू पाहून ठरते. विरेचन हे वैद्याच्या देखरेखीखाली, पूर्वतयारी करून करावयाचे कर्म आहे; रोज रात्रीच्या चमच्याला विरेचन म्हणता येणार नाही. अण्णांसारख्या कृश होत चाललेल्या वृद्धाला वारंवार ढाळ घडवणे हे बलहानीचे काम आहे. हिरडा किंवा त्रिफळा ही तुलनेने सौम्य द्रव्ये आहेत, पण त्यांचीही योजना त्यांच्या इतर औषधांची माहिती असलेल्या वैद्याने करावी.

थोडे विषयांतर होईल, तरी लिहितो, कारण आपल्या भागात तान्ह्या बाळाला महिन्यातून एकदा एरंडेल पाजण्याची चाल अजून आहे. ती सोडून द्यावी. केवळ अंगावर पिणारे बाळ, विशेषतः दीड महिन्यानंतर, काही दिवस शी करत नाही आणि मग मऊ शी करते. बाळ पीत असेल, वजन वाढत असेल, पोट मऊ असेल तर त्यात काही बिघाड नसतो. गर्भवती स्त्रीनेही एरंडेल घेऊ नये, त्याने गर्भाशयाचे आकुंचन सुरू होऊ शकते.

हिंगोलीचा शेतकरी

आमच्या घरात रात्री गरम दुधात दोन चमचे तूप आणि आठवड्यातून एकदा एरंडेल, एवढ्यावर तीन पिढ्या निघाल्या. कोणाला गोळी लागली नाही. औसेकरांनी हेच करून पाहावे, एवढी चिकित्सा कशाला?

फिजिशियन, अंबाजोगाई

हिंगोलीच्या दादांच्या घरातील मंडळी धडधाकट आणि शेतात राबणारी असतील, तर त्यांचे निभावले यात नवल नाही. औसेकरांच्या वडिलांची गोष्ट वेगळी आहे, आणि मला या चर्चेत एका गोष्टीकडे सर्वांत आधी लक्ष वेधायचे आहे, कारण इतका वेळ आपण सगळे औषध कोणते यावर बोलत आहोत.

७२ वर्षांच्या पुरुषाचे रक्त कमी झाले आहे आणि गेल्या काही महिन्यांत त्याचे बद्धकोष्ठ वाढले आहे. या दोन गोष्टी एकत्र आल्यावर रेचक बदलून पाहणे हा पहिला उपाय असू शकत नाही. स्त्रियांमध्ये मासिक पाळीमुळे लोह कमी होते. या वयाच्या पुरुषात ते कमी झाले तर रक्त कोठून तरी जात आहे काय, हे शोधावे लागते. वेदनाशामक गोळ्यांनी जठरात व्रण होऊन रक्त जाऊ शकते, मूळव्याधीतून जाऊ शकते, आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगातूनही जाऊ शकते. बहुतेकदा कारण साधेच निघते, पण ते न पाहता लोहाच्या गोळ्या देत राहणे योग्य नाही. म्हणून अण्णांना लातूरच्या किंवा आमच्याकडील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, नाहीतर आपल्या विश्वासातील फिजिशियनकडे, येत्या काही दिवसांत दाखवावे. रक्ताच्या तपासण्यांत हिमोग्लोबिनबरोबर थायरॉइड, साखर, कॅल्शियम, पोटॅशियम आणि मूत्रपिंडाचे काम कळण्यासाठी क्रिएटिनिन पाहिले जाईल. दुर्बिणीने आतडे तपासण्याची गरज आहे काय ते तेथे ठरेल. जाताना ते घेत असलेली प्रत्येक गोळी, चूर्णाची पुडीसुद्धा, पिशवीत घालून न्यावी.

आता त्यांच्या औषधांविषयी. ट्रॅमाडॉल आतड्याची हालचाल मंदावते, आणि ते सुरू असेपर्यंत बद्धकोष्ठ राहणार हे गृहीत धरावे लागते. लोहाच्या गोळ्यांनीही खडा होतो. त्या एक दिवसाआड घेऊन चालतात काय, हे डॉक्टरांना विचारता येईल. रक्तदाबाच्या गोळ्यांत व्हेरापामिलने हा त्रास सर्वाधिक होतो, ॲम्लोडिपिनने त्या मानाने कमी. लघवीच्या गोळीने शरीरातील पाणी व पोटॅशियम कमी होते, जुलाबांनी ते आणखी कमी होते, आणि पोटॅशियम घटले की आतडे अधिकच सुस्त होते. म्हणजे जुलाबानंतर येणारा तो थकवा आणि त्यानंतरचे बद्धकोष्ठ यांचे मूळ काही अंशी एकच असू शकते. पायात गोळे येणे, छातीत धडधडणे ही लक्षणे असतील तर तपासणी लांबवू नये. यांतील कोणतीही गोळी स्वतःहून बंद मात्र करू नये.

इसबगोलाबाबत औषधनिर्मात्यांनी लिहिले ते सर्व खरे आहे, पण ट्रॅमाडॉलसारखी औषधे चालू असताना, किंवा माणूस फारसा हिंडत-फिरत नसताना आणि पाणी कमी पीत असताना, मी ते टाळतो. मंदावलेल्या आतड्यात भुशीचा गोळा साचून अडथळा वाढू शकतो. अशा वेळी लॅक्टुलोज किंवा पॉलिएथिलीन ग्लायकॉल यांसारखी, आतड्यात पाणी ओढून धरणारी औषधे अधिक सोयीची असतात. लॅक्टुलोज सहसा १५ ते ३० मिलिलिटर दिवसाला एकदा असे सुरू करतात. पहिले काही दिवस पोटात वायू होतो, तो पुढे कमी होतो. मात्रा त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवावी.

एक तपासणी संकोचामुळे पुष्कळदा राहून जाते, ती म्हणजे गुदमार्गात बोट घालून पाहणे. वृद्धांमध्ये घट्ट मळाचा गोळा खाली अडकून बसतो आणि त्याच्या कडेने पातळ मळ झिरपत राहतो. घरच्यांना वाटते जुलाब होत आहेत, म्हणून ते जुलाब थांबवणारे औषध देतात, आणि दुखणे वाढते. लघवी तुंबणे हेही अशा अडकलेल्या मळाचे लक्षण असू शकते, आणि ते प्रोस्टेटच्या खात्यावर मांडले जाते.

रेचक अजिबात देऊ नये अशा परिस्थितीही सांगून ठेवतो. पोटात जोराची कळ असून ती कमी होत नाही, पोट फुगून ताठ झाले आहे, उलट्या होत आहेत, वायूही सरत नाही, ताप आहे, यांपैकी काही असेल तर घरी काहीही न देता थेट रुग्णालय गाठावे. आतडे अडकले असेल किंवा अपेंडिक्स सुजले असेल तर रेचकाने जीव धोक्यात येतो. मळात रक्त, डांबरासारखा काळा चिकट मळ, विनाकारण घटणारे वजन, आणि पन्नाशीनंतर शौचाच्या सवयीत अचानक झालेला बदल यांसाठी दोन-चार दिवसांत डॉक्टर गाठावेत. लोहाच्या गोळीने मळ काळपट होतो, त्याने घाबरू नये; पण तो चिकट आणि दुर्गंधीयुक्त असेल तर दाखवावे.

दादा, तुपाच्या दुधाला माझी हरकत नाही. एरंडेलाने मुरडा येतो आणि पाणी जाते, म्हणून लघवीची गोळी घेणाऱ्या वृद्धाला मी ते देणार नाही.

परिचारिका, छत्रपती संभाजीनगर

डॉक्टरांनी सांगितल्यावर औषधाचा प्रश्न त्यांच्याकडेच राहू द्यावा. मी वृद्ध रुग्णांच्या वॉर्डमध्ये काम करते, तेथे जे दिसते ते लिहिते.

औसेकर दादा, अण्णांचे गुडघे दुखतात असे आपण लिहिले आहे. ते उकिडवे बसू शकतात का, हे विचारून पाहा. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी आजोबांना कळ येते, पण बसण्या-उठण्याच्या त्रासाच्या भीतीने ते ती दाबून ठेवतात. आणि ही गोष्ट ते सुनेला तर सोडाच, मुलालाही सांगत नाहीत. दाबलेली कळ निघून जाते, मळातील पाणी शोषले जाते आणि खडा होतो. भोक असलेली कमोडची खुर्ची फार महाग नसते आणि ती देशी संडासाच्या भांड्यावर ठेवता येते. धरायला भिंतीला लोखंडी दांडी बसवून घ्यावी. खुर्चीवर बसल्यावर पायाखाली छोटा पाट किंवा स्टूल ठेवला, म्हणजे गुडघे कमरेपेक्षा थोडे वर येतात आणि कुंथावे लागत नाही. रक्तदाब असलेल्या माणसाला कुंथताना भोवळ येऊन तो पडू शकतो, म्हणून आतून कडी लावू देऊ नये.

जेवल्यावर, विशेषतः सकाळच्या न्याहारीनंतर, मोठे आतडे आपोआप हलते. चहा-न्याहारीनंतर अर्ध्या तासाच्या आत त्यांना रोज ठरल्या वेळी, कळ असो वा नसो, पाच-दहा मिनिटे बसवावे. घाई नको आणि तासभर बसून राहणेही नको.

दात आहेत का, हेही पाहावे. भाकरी वरणात कुस्करून खाल्ली जाते, पण भाजी तशीच ताटात राहते. ज्वारीची भाकरी चांगलीच आहे. तिच्या जोडीला अंबाडी, मेथी किंवा करडईची भाजी मऊ शिजवून, घोटून द्यावी. जवसाची चटणी, पिकलेला पेरू बिया काढून, पपई, आदल्या रात्री भिजवलेल्या मनुका हे सगळे आपल्या भागात सहज मिळते. चोथा एकदम वाढवला तर पोट फुगते आणि ते सगळेच सोडून देतात, म्हणून आठवड्याला एखादा पदार्थ वाढवावा. मात्र मळ अडकलेला आहे का, हे डॉक्टरांनी पाहीपर्यंत चोथा वाढवण्याची घाई करू नये.

पाण्याविषयी एक नाजूक गोष्ट आहे. ज्यांना पुरेसे पाणी मिळते त्यांनी आणखी तांबे रिचवल्याने बद्धकोष्ठ जात नाही, लघवी तेवढी वाढते. पण लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तशा टंचाईतून गेलेली आपली माणसे आजही टँकरच्या दिवसांत स्वतः कमी पितात आणि घरातल्यांसाठी राखतात. वृद्धांना तहानही कमी लागते. त्यात लघवीची गोळी असल्याने रात्री उठावे लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणी बंद करतात. दिवसभराचे पाणी एका बाटलीत भरून ठेवले म्हणजे किती प्यायले ते दिसते. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

घरी एनिमा देण्याचा विचार कोणी सुचवला तर थांबावे. मेडिकलमध्ये सोडियम फॉस्फेटच्या एनिमाच्या तयार बाटल्या मिळतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ साली सोडियम फॉस्फेटच्या औषधांविषयी इशारा दिला होता, की २४ तासांत एकापेक्षा अधिक मात्रा घेतल्यास मूत्रपिंड व हृदयाला गंभीर इजा होऊ शकते. ५५ वर्षांवरील माणसे, शरीरातील पाणी कमी झालेले रुग्ण, लघवीच्या गोळ्या, रक्तदाबाच्या काही गोळ्या किंवा वेदनाशामके घेणारे, यांना हा धोका जास्त असतो. अण्णा यातील बहुतेक वर्णनात बसतात. "एकाने झाले नाही म्हणून दुसरी बाटली" असे कधीही करू नये.

औसेकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. अण्णांना विचारले. गुडघ्यांमुळे ते दुपारची कळ दाबतात, हे त्यांनी आईकडून कळवले. चूर्ण आणि गोळी एकत्र न घेण्याचे त्यांनी कबूल केले आहे, आणि सोमवारी त्यांना लातूरला दाखवण्याचे ठरवले आहे. गेल्या वर्षी घेतलेले कपडे त्यांना सैल होऊ लागले आहेत, हे आता लक्षात येते. तेही तेथे सांगेन.

एक शंका उरते. अण्णा वारकरी आहेत आणि दर एकादशीला उपवास करतात, आषाढीला तर पाणीही घेत नाहीत. त्या दिवशी रेचक घ्यावे काय? आणि सोमवारपर्यंत काय करावे?

फिजिशियन, अंबाजोगाई

कपडे सैल होत आहेत ही माहिती महत्त्वाची आहे, ती डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावी.

सोमवारपर्यंत चूर्ण व जुलाबाची गोळी दोन्ही थांबवावीत, परिचारिकाताईंनी सांगितल्याप्रमाणे बसण्याची सोय करावी आणि साधे मऊ अन्न द्यावे. दोन-तीन दिवस शौचास झाले नाही आणि पोट मऊ असून इतर काही त्रास नसेल तर थांबायला हरकत नाही. मी वर लिहिलेली धोक्याची लक्षणे दिसली तर सोमवारची वाट पाहू नये.

निर्जळी उपवासाच्या दिवशी इसबगोल मुळीच घेऊ नये, आणि दुसरे कोणतेही रेचकही घेऊ नये. ट्रॅमाडॉल, लघवीची गोळी आणि निर्जळी उपवास हे तिन्ही एका दिवशी एकत्र येऊ देणे मला मान्य नाही. निदान पाणी, ताक आणि फळे घेऊन उपवास करावा, असे मी माझ्या वारकरी रुग्णांना सांगतो आणि त्यांतले बरेच जण ऐकतात. साबुदाण्यात चोथा फारच कमी असतो. त्याऐवजी रताळे आणि राजगिरा घेतल्यास दुसऱ्या दिवशीचा त्रास कमी होईल. उपवासाच्या दिवशी लघवीची गोळी घ्यायची की नाही, हे सोमवारी रक्ताचे अहवाल समोर ठेवून विचारून घ्यावे.

निवृत्त औषधनिर्माता, परभणी

एक पुरवणी. उपवासाच्या तयार लाडवांत आणि चूर्णांतही सोनामुखी मिसळलेली मी पाहिली आहे. वेष्टनावर सनाय, सेन्ना किंवा स्वर्णपत्री यांपैकी कोणतेही नाव दिसले तर ती सोनामुखीच समजावी.